जोकुडू स्वावलंबी होते

जोकुडूच्या झोपडीभोवती भोपळ्याचे वेल असे माजले होते, की आलेल्याला दार शोधावं लागे. दक्षिण सुदानमधलं येई हे गाव सोडून युगांडातल्या या निर्वासितांच्या वसाहतीत आल्यावर सगळ्यांना सारखाच खडकाळ तुकडा मिळाला होता. पण पिकला तो तिचाच, आणि हे ती शेजारच्या व्हायोलाला रोज ऐकवायची.

"हातपाय हलवावे लागतात, बाई! तू बस रेशनच्या गाडीची वाट बघत."

"बसते की. गाडी येतेच," व्हायोला म्हणायची.

एकदा मदत-संस्थेचे बिरुंगीसाहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. जोकुडूने शेंगदाण्याच्या कुटातली चवळीची पानं वाढली. एका पाहुणीने बोटं चाटत विचारलं, "काही कमी पडतं का?"

मीठ, तेल, पीठ, साबण, सगळंच कमी पडत होतं. पण कुंपणापलीकडे व्हायोला कान टवकारून उभी होती. जोकुडू मान ताठ करून म्हणाली, "आमच्या घरात काही म्हणजे काही कमी नाही!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वाटपाला जोकुडू पोतं घेऊन गेली, तर बिरुंगींनी तिचा हातच हातात घेतला.

"अभिनंदन! तुम्ही स्वावलंबी झालात."

"म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे तुम्हाला आता धान्य लागत नाही."

"अहो, पण लागतं ना!"

"सुरुवातीला तसं वाटतं," बिरुंगी मायेने म्हणाले.

मग सकाळी भोपळा, संध्याकाळी भोपळ्याची पानं. मुलं असिद्याच्या, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या, गरम गोळ्यासाठी रडायला लागली, तेव्हा जोकुडू ओटीभर भेंडी घेऊन व्हायोलाच्या दारात गेली. व्हायोलाने मक्याचं पीठ हात आखडून दिलं, टोमणा मात्र सढळ हाताने.

"घे. आळशी बाईचं आहे, पचेल ना?"

बाग फुलली की धान्य बंद, ही बातमी पसरली आणि वसाहतीत जो तो आपली होती नव्हती ती रोपं उपटू लागला. बिरुंगीसाहेब पुन्हा येणार असं कळताच जोकुडूनेही काळजावर दगड ठेवून व्हायोलाची शेळी बागेत सोडली.

बिरुंगी आले, ते उजाड जमिनीकडे बघतच राहिले. "बाग कुठे गेली?"

"गेली, साहेब. मी पुन्हा गरीब झाले. आता पीठ द्या."

"पाहणी होईल, मग बघू." तेवढ्यात त्यांची नजर कुंपणाशी सुस्तावलेल्या शेळीवर गेली. "वा! ही कुणाची?"

इतक्या वर्षांत व्हायोलाला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती पदर सावरत धावली. "माझी, साहेब!"

"दूध देते?"

"भरपूर!"

बिरुंगींनी हात पुढे केला.

"हात देऊ नकोस गं!" जोकुडू ओरडली. पण व्हायोलाने दोन्ही हात देऊन टाकले होते.

संध्याकाळी व्हायोलाने सुरी पाजळली. दोन्ही घरची मुलं पोट फुटेस्तोवर मटण जेवली. सकाळी दोघी तक्रारीच्या रांगेत उभ्या राहिल्या. तुझा भोपळा नडला की माझी शेळी, यावर खिडकी उघडेपर्यंत भांडत.