बटाट्याची डावी भुवई

भुवई डावीच वर गेली होती. पारदर्शक फिल्मवर काळ्याभोर शाईनं काढलेली, बोटाच्या पेराएवढी – नाकाकडचं टोक खाली दाबलेलं, बाहेरचं वर ओढलेलं, आणि मधे एकच उभी आठी. तिनं फिल्म खिडकीच्या काचेला लावून धरली, मागून सकाळचा उजेड आला आणि बटाटा तिच्याकडे बघायला लागला. बटाटाच होता तो. ओबडधोबड, एका बाजूला फुगलेला, अंगावर टाके घातलेला, टाक्यांतून एक कोंब बाहेर आलेला. काल संध्याकाळपर्यंत तो नुसता रागावलेला बटाटा होता. आज चहाचा कप हातात घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं – ताई.

छे. काहीतरीच. तिनं चहाचा घोट घेतला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. ताईच. परीक्षेच्या दिवसांत मी पुस्तकाआड गोष्टीचं पुस्तक ठेवून वाचत असले की दारात येऊन उभी राहणारी ताई – न बोलता, फक्त ती भुवई घेऊन. आता हीच भुवई उद्या शे-दोनशे शर्टांवर छापली जाणार, आणि रविवारी ते सगळे शर्ट ताईच्या लॅबच्या फाटकासमोर जाऊन उभे राहणार. मोर्चा ताईच्या बटाट्याविरुद्ध होता. करप्याचा रोग न पडणारा बटाटा – जनुकं बदलून, कित्येक वर्षं खपून ताई आणि तिच्याबरोबरच्या लोकांनी तयार केलेला. आणि त्या मोर्च्याचं चित्र ताईच्या धाकट्या बहिणीनं काढलं आहे, हे ताईला माहीत नव्हतं.

सांगायचं राहून गेलं, असं ती स्वतःशी म्हणत होती. राहून कसलं जातंय! दर रविवारी जेवायला जात होते की मी तिच्याकडे, आणि मूग गिळून परत येत होते.

काम आणलं होतं बाईंनी. बाई म्हणजे तिच्या शाळेतल्या बाई, आता निवृत्त, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की बियाणं एकदा या लॅबवाल्यांच्या कुलपात गेलं की परत आपल्या हातात यायचं नाही, आणि जे आमच्या ताटात येणार त्याबद्दल आम्हाला कुणी विचारलं का? तिला पटलं. अगदी आतून पटलं, मान हलवून नव्हे. तिनं त्याच संध्याकाळी कागद पुढे ओढला. मग रविवारी ताई जेवताना म्हणाली, करप्यासाठी लोक शेतात किती वेळा फवारतात ते कधी बघितलंयस का, ते औषध पोटात गेलेलं चालतं तुम्हाला, आणि माझा बटाटा नको? तेही पटलं. तितकंच आतून. घरी येताना तिनं दोघींचं बोलणं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर दोन्हीकडे तिचीच मान हलत होती. तळ्यात-मळ्यात खेळताना मी कायम बाद व्हायचे ते उगाच नाही. आई म्हणायची, या पोरीला कुणीही हाक मारावी, ही आपली ओ देते.

आधी तिनं कवटी काढली होती, मग इंजेक्शनची सुई टोचलेला बटाटा. बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि नको म्हणाल्या. कवटीला आता कुणी घाबरत नाही, पोरं ती हौसेनं अंगावर घालतात. "याला चेहरा दे," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याकडे माणूस बघतोच." म्हणून तिनं चेहरा द्यायला घेतला. राग काढायचा तर राग समोर हवा. तिच्या टेबलावर, ब्रशांच्या बरणीला टेकवून ठेवलेला एक गोल आरसा असतो, तळहाताएवढा; चित्रातल्या माणसानं रडायचं असलं की आधी ती आरशात रडते, हसायचं असलं की दात दाखवते. शेजारीण एकदा साखर मागायला आली आणि दारातूनच परत गेली. तर त्या दिवशीही तिनं आरशात बघून तोंडं केली – दात विचकले, नाकपुड्या फुगवल्या – सगळं नाटकातल्या राक्षसासारखं खोटं. मग तिनं डोळे मिटले आणि आठवायचा प्रयत्न केला, की आपण खरंखुरं कुणाला घाबरलो होतो? आणि डोळे उघडले तेव्हा हात आपला चालत सुटला होता. बाईंनी पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. जाताना म्हणाल्या, आता कसा जिवंत झाला!

जिवंत... हेच तर.

छपाईवाल्याचा फोन आला. छापायच्या जाळीच्या चौकटीवर लावायचं रसायन तयार करून ठेवलंय, संध्याकाळच्या आत फिल्म मिळाली तरच उद्या माल निघेल. ती हो म्हणाली. हो म्हणायला काय जातं!

तिनं ब्लेड काढलं. फिल्मवरची वाळलेली शाई ब्लेडच्या टोकानं खरवडून काढता येते, हात हलका हवा एवढंच; भुवईचं बाहेरचं टोक उडवलं, आठी पुसली, की ताई गेली. पण आधी तिनं वर दुसरा पातळ कागद ठेवून भुवई खाली घेऊन बघितली. बटाटा झोपेतून उठल्यासारखा दिसायला लागला. उजवी वर घेतली, तर कुणीतरी त्याला पत्ता विचारतंय असं वाटायला लागलं. दोन्ही वर घेतल्या, तर बावळट. चित्र त्या एका भुवईवर उभं होतं, ती काढली की खाली नुसती भाजी. आणि हे चित्र चांगलं होतं. आजवर काढलेल्यांत सगळ्यात चांगलं. साबणाच्या वेष्टनांवर फुलं काढण्यात इतकी वर्षं गेली, आणि आता कुठं हातातून असं काही उतरलं, तर ते नेमकं हे! तिला स्वतःचा राग आला, आणि त्या रागाखाली थोडा अभिमान होता, त्याची लाज वाटली.

ब्लेड हातात तसंच राहिलं. तिला एकदम मानेवर ओढ जाणवली – कंगव्याची. आई गेली त्यानंतरच्या त्या हिवाळ्यात माझे केस ताई विंचरायची. तिला सवय नव्हती, मला सोसत नव्हतं, आणि केसांत हा एवढा गुंता... समोर कपाटाला आरसा होता आणि त्यात माझ्या डोक्यावर ताईचा चेहरा दिसायचा, भुवई वर, मधे आठी. मला वाटायचं ती माझ्यावर चिडली आहे, आईचं सगळं काम अंगावर पडलं म्हणून चिडली आहे. मी हूं की चूं करायचे नाही. पण ती प्रत्येक गुंता मुळाशी बोटांनी धरून सोडवायची, मला ओढ लागू नये म्हणून. आणि हे लक्षात यायला मला पार मोठं व्हावं लागलं – हे लक्षात आलंय ते मी तिला कधी सांगितलंच नाही. म्हणजे तो राग नव्हताच. मग मी राग म्हणून काय काढून ठेवलंय?

तिनं ब्लेड ठेवलं, फिल्म गुंडाळून नळीत घातली आणि निघाली. छपाईवाल्याकडे जायच्या आधी लॅब लागत होती. लागत नव्हती खरं तर, वाकडी वाट होती.

लॅबच्या उपाहारगृहात दुपारी कुणी नव्हतं. स्टीलची टेबलं नुकतीच पुसलेली, ओली. ताई पांढरा कोट अडकवून ठेवून खाली आली, बोटांना मातीचा वास, नखांच्या कडा काळ्या – लॅबमध्ये काम करणाऱ्यांचे हात स्वच्छ असतील असं तिला दर वेळी वाटायचं आणि दर वेळी नसत. ताईनं दोन चहा आणले. तिनं नळीचं झाकण काढलं, घातलं, काढलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं: बाई, मोर्चा, शर्ट. भुवईचं तेवढं सांगितलं नाही. ते ताईला दिसेलच, आणि दिसलं की जे व्हायचं ते होईल.

ताईनं फिल्म खिडकीशी नेली, दोन्ही हातांनी काचेवर पसरली. खाली अंगणात काचघरं दिसत होती, त्यांच्या हिरव्या रांगांवर तो काळा बटाटा उभा राहिला. ताई पाठमोरी होती. खांदे हलले, तेव्हा धाकटीला वाटलं ताई रडते आहे. ताई हसत होती.

"अगं बारके," ताई म्हणाली, "हा तर तूच आहेस!"

ती म्हणाली, नाही. नीट बघ.

"नीट काय बघायचंय? तुझे केस विंचरायला घेतले की आरशातून माझ्याकडे अशीच बघायचीस. ही भुवई वर. मला वाटायचं, ही काही मला आईच्या जागी बसू देणार नाही." ताई अजून हसत होती, पण हळू. "फार घाबरायचे मी तुला."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. तिनंच सरकवली होती. त्या कपाटाच्या आरशात दोन चेहरे होते, एकावर एक, आणि दोघी खाली-वर बघत एकमेकींना घाबरत होत्या... तिला टेबलावरचा गोल आरसा आठवला. डोळे उघडले तेव्हा त्यात कोण होतं? तिला ताई म्हणायचं होतं. पण आरशात दुसरं कोण असणार! की दोघीही नाही, आईच. आईलाही म्हणे रागवताना एकच भुवई वर न्यायची सवय होती, खाण तशी माती. आठवायला गेलं तर आईचा चेहरा येत नव्हता, फक्त फोटोतला येत होता, आणि फोटोत ती हसत होती.

ताईनं फिल्म गुंडाळली, तिच्या हातात दिली. चित्र चांगलंय म्हणाली. फाटकावर लोक येतील ते येतीलच, त्यांचं त्यांच्यापाशी. प्रश्न विचारणारी माणसं ताईला लॅबच्या आतही रोज भेटतात. मग वर जायला वळता वळता ती थांबली.

"माझं राहू दे. बाईंचंही राहू दे. तुला स्वतःला काय वाटतं?"

तिनं तोंड उघडलं. नेहमी अशा वेळी कुणाचं तरी वाक्य हाताशी असायचं. या वेळी बाईंचं वाक्य ताईसमोर उभं राहिना, आणि ताईचंच वाक्य ताईला परत देण्यात काही अर्थ नव्हता. ताईनं चहा निवेपर्यंत वाट बघितली. मग तिच्या डोक्यावर एक हलकी टपली मारली आणि वर निघून गेली. डोक्याला मातीचा वास लागला.

छपाईच्या खोलीत रसायनाचा उग्र दर्प, दोऱ्यांवर लटकलेले कोरे शर्ट, कोपऱ्यात चौकटी वाळत ठेवलेल्या. छपाईवाल्यानं फिल्म दिव्यावर धरून पाहिली, शाई कुठं पातळ नाही ना ते तपासलं आणि मान डोलावली. चौकटीवर उतरवण्याआधी तो माप बघतो, अंगावर. टेबलावर पसरलेला शर्ट खोटं बोलतो असं त्याचं म्हणणं. त्यानं एक कोरा शर्ट तिला दिला. तिनं तो कपड्यांवरूनच चढवला. फिल्म त्यानं चिकटपट्टीनं तिच्या छातीवर लावली, चार कोपऱ्यांना, आणि हात कमरेवर ठेवून मागे सरकला.

तिनं मान खाली घालून पाहिलं. वरून बघताना बटाटा उलटा होता, आणि उलटा तो कुणासारखाच दिसत नव्हता. नुसत्या काळ्या रेघा, तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होणाऱ्या. रविवारी शे-दोनशे माणसं हे छातीवर घालून उभी राहतील आणि त्यांतल्या कुणालाच आपल्या छातीवरचा तो सरळ दिसणार नाही. तो दिसेल फक्त समोरून बघणाऱ्यांना. फाटकाच्या आतून. तिच्या मनात आलं, रविवारी आपण कुठं उभे असणार आहोत? हा प्रश्न तिनं आजवर स्वतःला विचारलाच नव्हता, चित्र काढून झालं की आपलं काम झालं असं धरून चालली होती. भीती वाटली. चांगलीच वाटली. पण ही भीती कुणाची उसनी नव्हती.

छपाईवाला चित्राकडे बघत होता. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, परत चित्राकडे, परत तोंडाकडे.

"मॅडम, उतरवू का चौकटीवर?" त्यानं विचारलं. "एकदा उतरलं की मग बदल नाही."

हो तिच्या ओठांवर आलं, सवयीनं, आणि तिथंच थांबलं. मग नाही हा शब्द आला, तोही थांबला. कपाळाच्या डाव्या बाजूला कातडी हळूहळू ताणली गेल्याचं तिला जाणवलं – भुवई वर जात होती, आपली आपण. खोलीत आरसा नव्हता. कुणाची आहे ते बघायला तिनं शोधलाही नाही. छपाईवाला वाट बघत होता, आणि तिनं त्याला वाट बघू दिली.