छातीएवढा लेप

लोखंडी खांबांवर आधी आगरोधक लेप, मग वरून माझा दगड, असं काम होतं. तपासनीस महाआळशी. ना वाकायचा, ना शिडी चढायचा. उभ्या-उभ्या आपल्या छातीच्या उंचीवर खांबाला सुई टोचून लेपाची जाडी मोजायचा. म्हणून हरामखोर मुकादमाने लेप छातीच्या उंचीपर्यंतच मारला. मी बोललो, तर म्हणाला, “तू गपगुमान दगड लाव.” लावला.

वर्षभरात आग लागली. खांब वरून वाकले, छत कोसळलं. तिथला पहारेकरी, माझा सख्खा भाऊ, चिरडून मेला.

चौकशीला तोच तपासनीस आला. उरलेल्या खांबाचा दगड काढून छातीच्या उंचीवर सुई टोचून त्याने लिहिलं, “लेप बरोबर. दोष दगडवाल्याचा.”

मी खाली सही केली. झाकलं तर मीच होतं.