माझ्या पाठीवरचं ग्रहण

मी भीमपूरच्या गयाबाईंची म्हैस बोलतेय. नाव भुरी, रंग कोळशासारखा. नाव ठेवलं तेव्हा गोठ्यात अंधार होता म्हणे.

माणसं माझ्याकडे दोनदाच नीट पाहायची, धार काढताना आणि मी कुणाच्या वांग्यांत शिरल्यावर. त्या डिसेंबरात मात्र माझे दिवस भरत आले होते, आणि नेमकं तेव्हाच सूर्यग्रहण होतं.

गयाबाईंची सून मंजुषा शाळेत शिकवायची. ग्रहणात जनावरं कशी वागतात, ते गावोगावच्या लोकांनी पाहून शास्त्रज्ञांना कळवायचं होतं. तिनं मोबाइलवर माझं नाव घातलं.

"गाभण म्हैस हाये माही!" गयाबाई कडाडल्या. "मागल्या खेपेचं पारडू गेलं, विसरली का? आता काई झालं तर तुये शास्त्रज्ञ येतीन काय?"

"आई, गोठ्यातच राहू द्या तिले. मी दारातून पाहीन."

एवढ्यावर तह झाला.

सकाळी ग्रहण लागलं. मंजुषा मला निरखायची आणि लिहायची, 'रवंथ करते.' थोड्या वेळानं पुन्हा, 'रवंथ करते.' तिच्या नवऱ्याला, अमरला, माझी लाजच वाटू लागली.

"शेपूट ओढून पाहू काय?"

"खबरदार!"

ऊन फिकं पडलं आणि मी ताडकन उठले. "परिणाम झाला!" अमर ओरडला. मंजुषानं वाकून पाहिलं आणि खरं तेच लिहिलं, 'सरकीच्या ढेपेचं टोपलं उघडं राहिलं होतं.'

इतक्यात पोटातल्या पारडाला ग्रहण बाधू नये म्हणून गयाबाई माझ्या पोटाला लावायला गेरू घेऊन आल्या. बोटं बुडवली आणि हात तसाच थांबला.

"मंजुषा, धाव वं! हिच्या पाठीवर चंद्राच्या कोरी पडून राह्यल्या!"

पूर्वेच्या पत्र्याला भोकं होती. प्रत्येक भोकातून अर्धा खाल्लेला सूर्य माझ्या पाठीवर उतरला होता.

"सूर्यच हाये तो, आई. वर नका पाहू, इथंच पाहा."

गयाबाई पोट विसरल्या. एकेका कोरीभोवती त्यांनी गेरूची रेघ ओढली. कोर सरकली की नवी रेघ. गुदगुल्यांनी जीव जात होता, तरी मी हलले नाही. याची नोंद मात्र कुणीच केली नाही. शेवटी उरलेला गेरू पोटाला फासलाच.

काही दिवसांनी मला लेक झाली, वगार, धडधाकट. गयाबाई कितीतरी वेळ तिचे पाय चाचपत, डोळे पुसत बसल्या होत्या.

आता मी थकलेय, माझी ती लेकच घराला दूध देते. गयाबाई बाजारात सांगतात, गेरूनं वाचवली. मंजुषा शाळेत सांगते, ग्रहणानं काही बिघडतच नसतं. अमर दोघींपुढे मान हलवतो.

तुम्ही कधी आलात तर दोघींचं ऐकून घ्या. मग हळूच एवढंच विचारा, इतके महिने ते लेकरू पोटात वागवलं कुणी?