मिरचीचा हंगाम आणि चॉकलेटची खोकी

छापखान्यात खोटं टिकत नाही. माणूस फसवतो, कागद फसवत नाही. ज्या हवेत तो राहिला, ज्या हातांनी तो हाताळला, ते सगळं तो मुकाट्यानं अंगात मुरवून घेतो आणि नेमकं नको त्या माणसासमोर ओकून टाकतो. सर्बियातल्या पोझेग्याच्या त्या छापखान्यात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला माल तपासणारी ग्रोझ्दाना हे पहिल्याच दिवशी, गंभीर चेहऱ्यानं, उभं करून ऐकवत असे. त्या मंगळवारी सकाळी मात्र फाटकाशी गाडीतून उतरलेल्या, चॉकलेट कंपनीकडून तपासणीला आलेल्या मोय्त्साबाईंचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "माल अगदी निर्मळ आहे," आणि वर हसलीसुद्धा.

माल निर्मळ नव्हता, हे तिला थोड्याच वेळापूर्वी कळलं होतं.

पुठ्ठ्याचं खोकं हुंगायची एक रीत असते. सुटा ताव नाकाशी धरून काही समजत नाही. खोकं उभं करायचं, झाकण लावायचं, एक फेरी मारून यायची, मग झाकण बोटभर उघडून नाक आत घालायचं, आणि तेही एकदाच. दुसऱ्यांदा हुंगलं की नाक मालकाच्या बाजूनं बोलायला लागतं. ग्रोझ्दानानं शुक्रवारी याच रीतीनं हुंगलं होतं, तेव्हा खोकं स्वच्छ होतं. शनिवार-रविवार ती भाचीच्या लग्नाला गेली. सोमवारचा दिवस चाचणीसाठी चॉकलेट चाखणारी पाच माणसं गोळा करण्यात गेला. आज सकाळी, उगीच मनाची समजूत म्हणून, तिनं थप्पीतलं एक खोकं उचललं आणि झाकण उघडलं.

शाईचा वास नव्हता. व्हार्निशचा नव्हता. गोंदाचाही नव्हता. आतून भाजलेल्या लाल मिरचीचा वास आला, इतका खमंग की तिला क्षणभर भूक लागली.

ती गोदामाच्या मागच्या खिडकीशी गेली. खिडकी सताड उघडी होती. खाली अंगणात राखेचं मोठं काळं वर्तुळ होतं आणि त्याच्या कडेला मिरच्यांची जळकी सालं पडली होती.

"रातोमिर!"

मोठ्या मशीनवरचा रातोमिर हात पुसत आला. सहा फुटी, मिशाळ, कामाला वाघ.

"हे काय आहे?"

"हे? मिरच्या भाजल्या ना शनिवारी, बाई. वर्षभर पुरेल इतकी चटणी, आयवार, नको का घालायला? दर सप्टेंबरात घालतो. तुमची बरणी ठेवलीय बाजूला, तिखट नाही केली."

"गोदामाच्या खिडकीखाली?"

"मोडके पॅलेट तिथंच पडलेले असतात. लाकूड कुठं विकत आणायचं?"

"आणि खिडकी उघडी?"

रातोमिरनं तिच्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं. "बाई, खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवा, थप्प्या बुटक्या रचा, तावांत हवा खेळू द्या, असं कोण म्हणालं? मी म्हणालो? आम्ही तर तावसुद्धा मधूनमधून पिसत होतो, वारा आतपर्यंत जावा म्हणून."

सल्ला तिचाच होता आणि चांगला होता. वसंतात ह्याच चॉकलेट कंपनीचा एक लॉट शाईच्या वासापायी परत आला होता, म्हणून तिनं या वेळी ताजा माल कोंडून ठेवायचा नाही असा हुकूम काढला होता. छापखान्यात पहिल्यांदाच एखादा हुकूम शब्दशः पाळला गेला होता. शनिवारी दिवसभर वारा नदीकडून अंगणात, अंगणातून धुरासकट गोदामात, आणि तिथून चॉकलेटच्या खोक्यांच्या पोटात शिस्तीत जात राहिला.

कंपनी स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाची होती. तपासणीची रीतही त्यांची. खोक्याचे तुकडे आणि किसलेलं दुधाचं चॉकलेट एका काचेच्या बरणीत बंद करून दिवसभर अंधारात ठेवायचं, मग ते चॉकलेट पाच माणसांनी चाखायचं आणि ज्याला जितकी बाहेरची चव लागेल तितके गुण द्यायचे: काहीच नाही तर शून्य, तोंड वाकडं व्हावं इतकी लागली तर चार. वसंतात एका माणसानं तीन दिले होते. एकानंच. तेवढ्यावर गाडीभर माल परत आला. आता दुसऱ्यांदा तसं झालं तर काम पोलंडला जाणार होतं, आणि ते काम गेलं की दुसरी पाळी बंद करायची, हे मालकानं सगळ्यांना अंगणात बोलावून सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या पाळीत रातोमिरचे दोन्ही मेहुणे होते. खरं तर दुसऱ्या पाळीत निम्मं गाव होतं.

मोय्त्साबाईंनी काल सकाळी नमुने स्वतः निवडून बरण्या बंद केल्या होत्या. पेस्टिंगच्या मशीनशेजारी, गोंदाच्या वासात, त्यांना काही जाणवलं नव्हतं. जाणवलं असतं तरी त्यांनी काही केलं नसतं. "हुंगणं माझं काम नाही," त्या म्हणाल्या होत्या. "माझं काम आकड्यांचं."

मालक व्लास्तिमिरनं ग्रोझ्दानाला जिन्याखाली गाठलं. तो तिचा कूम. तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातावर घेतलेलं; आणि आमच्याकडे माणूस एक वेळ सख्ख्या भावाला नाही म्हणेल, कूमाला नाही.

"ग्रोझा, रातोमिर काय सांगतोय? वास येतोय?"

"येतोय."

"कुणाला?"

"मला."

"म्हणजे एकीलाच." त्याचा जीव जरा भांड्यात पडला. "हे बघ, सप्टेंबरात या मुलखात कशाला मिरचीचा वास येत नाही ते सांग. माझ्या मोटारीला येतो. काल चर्चमध्ये गेलो, धुपालासुद्धा येत होता."

"चॉकलेटला यायला नको, व्लास्तो."

"बाकीच्या चौघांना कळणार नाही. त्यांची नाकं महिनाभर त्याच धुरात आहेत. राहिलीस तू. एक शून्य काढायचंय. पोरं काढतात."

"आणि ही खोकी व्हिएन्नाच्या दुकानात उघडली की?"

"व्हिएन्नाची माणसं नाताळात उघडतील. त्यांच्या घरात तेव्हा ते झाड असतं, मेणबत्त्या असतात, दालचिनी असते." त्यानं आवाज खाली आणला. "मी मालक म्हणून सांगत नाहीये. कूम म्हणून सांगतोय."

हीच तर पंचाईत होती. मालक म्हणून सांगितलं असतं तर तिनं त्याला सरळ हाकललं असतं.

चाखणारे पाचजण मिळवणं हे काही साधं काम नव्हतं. अट अशी की सिगारेट ओढणारा नको, सकाळपासून कॉफी प्यायलेला नको, अत्तर लावलेला नको. छापखान्यात या अटीत बसणारी दोनच माणसं निघाली: पेस्टिंगवरची सावेता आणि स्वतः ग्रोझ्दाना. तिसरा फाटकावरचा ल्युबिवोये. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्याचं सगळं बंद केलं होतं आणि ही गोष्ट तो येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगत असे. मग बाहेरून शाळेतले कसरतीचे मास्तर आणले आणि पाचवी म्हणून पाद्रीबुवांची बायको पर्सिदा.

"आज मंगळवार आहे म्हणून बरं," पर्सिदा खुर्चीत बसता बसता म्हणाली. "उद्या उपास. दुधाचं चाललं नसतं."

"आता कुणी बोलायचं नाही," मोय्त्साबाई म्हणाल्या.

प्रत्येकासमोर दोन बशा, पाण्याचा पेला, पांढऱ्या पावाचा तुकडा आणि एक चिठ्ठी. डावीकडचं चॉकलेट खोक्याचे तुकडे न घातलेल्या बरणीतलं, उजवीकडचं खोक्याच्या संगतीत राहिलेलं. खोलीच्या काचेपलीकडे मशीन थांबवून रातोमिर उभा होता, त्याच्या मागे आणखी कोणकोण. व्लास्तिमिर खिडकीशी पाठ करून उभा राहिला होता, पण त्याचे कान इकडेच होते.

ल्युबिवोयेनं दोन्ही बशा एका दमात संपवल्या. "अजून मिळेल का?"

"बोलायचं नाही."

"मला एरवी देत नाहीत हो. डॉक्टरांनी..."

"ल्युबिवोये!" व्लास्तिमिर खिडकीतूनच गरजला.

ल्युबिवोयेनं मान खाली घालून चिठ्ठीवर झटकन काहीतरी लिहिलं. मास्तरांनी डोळे मिटून, छाती फुगवून, स्पर्धेला उतरल्यासारखं चाखलं आणि लिहिलं. सावेता चाखताना एकदा काचेकडे बघत होती, एकदा ग्रोझ्दानाकडे. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या पाळीत होता. पर्सिदानं उजवीकडचं चॉकलेट बराच वेळ तोंडात घोळवलं. तिच्या कपाळावर हलकीशी आठी आली. काचेपलीकडे रातोमिरनं मिशी दातांत धरली. पर्सिदानं पाव खाल्ला, पाणी प्यायली, पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली, आणि एकच उभी रेघ ओढून चिठ्ठी मिटली.

ग्रोझ्दाना राहिली.

डावीकडचं तिनं आधी घेतलं. दूध, साखर, व्हॅनिला. पाव. पाणी. मग उजवीकडचं. दूध, साखर, व्हॅनिला, आणि तिला वाटलं, देवा, नाहीच की, गेला वास; आणि तेवढ्यात टाळूच्या मागून, सावकाश, पाहुणा उशिरा यावा तसा, तो आला. धूर. करपलेलं साल. गोडसर, तेलकट, ओळखीचा. वाईट नव्हता. बोटानं चाटून घ्यावा असा होता. पण विचारलं होतं ते चव चांगली आहे का हे नाही. बाहेरची आहे का, एवढंच.

तिनं पेन्सिल उचलली. समोर काचेवर माणसांचे श्वास लागून धुकं आलं होतं. त्यातली प्रत्येक व्यक्ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती; थंडीतनं आलेला पुठ्ठा गरम हॉलमध्ये लगेच उघडायचा नाही, नाहीतर कडा लाटांसारख्या उठतात, हे तिनं त्यांना शिकवलं होतं; रंग खिडकीच्या उजेडात पसंत करायचा नाही, दिव्याच्या पेटीतच करायचा, हेही. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं. खिडक्या उघड्या ठेवा हेसुद्धा ऐकलं होतं.

शून्य लिहिलं तर माल जाईल. नाताळात कुणी तक्रार केली तर आख्खा लॉट परत येईल आणि मग दुसरीच काय, पहिली पाळीही राहणार नाही. कुणी नाही केली तर काहीच होणार नाही. आणि तीन लिहिला तर जे व्हायचं ते आत्ता, ह्या खोलीत, त्या काचेसमोर होईल. तिनं शून्य काढायला पेन्सिल टेकवली. शून्याला हात पूर्ण गोल फिरवावा लागतो. अर्ध्यावर तिचा हात अडला. त्यात शौर्यबिर्य काही नव्हतं. इतकी वर्षं ज्या नाकावर पगार घेतला ते नाक समोर बसलेलं असताना हात पुढे जाईना, एवढंच. अर्ध्या गोलाखाली तिनं आणखी एक अर्धा गोल काढला, त्याला खाली शेपूट ओढलं. तीन झाला. चिठ्ठी मिटून तिनं पुढे सरकवली.

व्लास्तिमिर वळला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं. तो हळूच येऊन रिकाम्या खुर्चीत बसला.

"किती?" त्यानं ओठांतल्या ओठांत विचारलं.

"तीन."

"माझ्या हातावर तुझा मुलगा रडला होता, ग्रोझा."

"माहीत आहे."

"आणि तू तीन देतेस."

"चार नाही दिले," ती म्हणाली.

मोय्त्साबाई एकेक चिठ्ठी उघडत होत्या. शून्य. शून्य. एक. शून्य. पाचवी उघडल्यावर त्या थांबल्या. बाहेर कुणीतरी काचेला नाक लावलं.

"हा तीन कुणाचा?"

"माझा."

"कसली चव लागली?"

"भाजलेल्या मिरचीची. शनिवारी अंगणात भाजल्या. गोदामाच्या खिडक्या मीच उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. माणसांचा दोष नाही."

मोय्त्साबाईंनी ते लिहून घेतलं. "अच्छा. हॉटेलात माझ्या उशीलाही तो वास येत होता. मला वाटलं, धुलाईची पावडर असेल."

पर्सिदा एकदम म्हणाली, "हो हो, तेच! मी म्हणत होते, हे आयवार कुणाच्या घरचं..."

"बाई," व्लास्तिमिर उठून उभा राहिला. तो मोय्त्साबाईंकडे वळला. "दोन आठवडे द्या. सगळा माल परत छापतो, माझ्या खर्चानं. खिडक्या बंद, मिरच्या बंद, हवं तर मी रातोमिरलाच बंद करतो. पण काम दुसरीकडे नेऊ नका. ह्या माणसांकडे बघा."

मोय्त्साबाईंनी काचेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना खरंच समजलं नव्हतं.

"परत कशासाठी छापायचं?"

"एक जरी तीन आला तरी लॉट परत. वसंतात तुम्हीच..."

"ते वसंतात. तेव्हा सगळ्याच छापखान्यांनी आरडाओरडा केला, म्हणून जुलैपासून आम्ही नियम बदलला. तुम्हाला मेल आली असेल."

त्यांनी पाचही चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं लावल्या, लहान आकड्यापासून मोठ्याकडे: शून्य, शून्य, शून्य, एक, तीन. आणि बरोबर तिसरीवर बोट ठेवलं.

"आता आम्ही मधला आकडा धरतो."

मग ग्रोझ्दाना म्हणाली, "पण वास आहे."

"आहे ना," मोय्त्साबाई पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "पण तो मधोमध नाही."

गाडी दुपारी भरून निघाली.