एकसष्ट टाक्यांची टोपी

सकाळी नऊ वाजता आमच्या सूनबाईनं जेवणाच्या टेबलावर डोकं टेकलं. समोर लॅपटॉप, आणि त्यावर लाल अक्षरं.

"आई, हे थांबतच नाही हो!"

अकरा वाजता तिला एका ऑफिसात जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेतलं काम दाखवायचं होतं. चाललं तर नोकरी. बाळासाठी चार वर्षं घरी बसलेली पोर, गेले सहा महिने चिकाटीनं शिकत होती. नमुन्याला तिनं घेतली होती माझी लोकरीची टोपी. माथ्याला दर ओळीत दोन टाके कमी होत जातात, ते लिहून दाखवणारं फंक्शन, म्हणजे संगणकाला सांगितलेली कृती.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

"वाचून दाखव. आपल्या भाषेत."

"साठ टाके घ्या. शून्य असतील तर थांबा. नाहीतर ओळ लिहा, आणि मग फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, टाके देऊन."

"किती टाके देऊन?"

"आहेत तेवढेच."

"अगं बाई! परत साठच? मग टोपी मिटणार कशी, कपाळ माझं? दोन टाके कमी कोण करणार, तुझा नवरा?"

ती खुदकन हसली. टाक्यांपुढे तिनं 'उणे दोन' लिहिलं. साठ, अठ्ठावन्न, छप्पन्न करत स्वारी शून्यावर थांबली. सूनबाईनं मला मिठीच मारली.

"पुरे! माझ्या सुयांवर एकसष्ट आहेत," मी म्हटलं. "तेवढे घालून बघ."

लाल अक्षरं परत हजर. तीन, एक, उणे एक, उणे तीन... शून्याला बगल देऊन ते पळत सुटलं होतं. तिचा चेहरा एवढासा झाला. साडेनऊ वाजून गेले होते.

"मी एक टाका उरला तरी दोरा ओढून टोपी बंद करते," मी म्हटलं. "शून्याची वाट बघत बसत नाही."

तिनं 'शून्य असतील तर' खोडून 'शून्य किंवा त्याहून कमी' केलं. आता एकावर गुपचूप थांबलं. केस विंचरायलाही न थांबता ती निघाली.

खरं सांगते, ती गेल्यापासून सुया हातात घेतल्याच नाहीत मी. फसलं असतं तर नाक खुपसलं कोणी? मीच.

एक वाजता ती दारातूनच ओरडली, "आई, त्यांनी सत्त्याण्णव घातले!"

"मग?"

"थांबलं! सोमवारपासून कामाला बोलावलंय. विचारत होते, विषम आकड्याचा विचार कसा सुचला. मी म्हटलं, आमच्या घरी एक सीनियर आहेत."

"चल, काहीतरीच," म्हणून मी तिला झटकलं आणि विणायला बसले. पहिल्याच ओळीत तीन टाके सुटले. सगळी ओळ उसवून पुन्हा घातली.