सोबत कोण येणार

तैयबाने कचेरीतल्या साहेबाचा आवाज काढला. "नवऱ्याच्या अंगावर ओळखीची खूण?"

रहिमुन्निसा सुपातले तांदूळ निवडत होती. "डाव्या खांद्यावर डाग हाय. लेकीने आईला हे विचारायचं, असला कसला गो कायदा?"

ओटीवर बसलेले शेजारचे नुरुद्दीनचाचा हसले. निकाहाचे साक्षीदार म्हणून त्यांनाही मुरूडच्या कचेरीत उभं राहायचं होतं.

"चाचा, निकाह कोणत्या काझीने लावला?"

"ते न्हाय आठवत. सागुती खारट होती, तेवढं आठवतं."

"आठवणार न्हाय तर काय?" रहिमुन्निसा म्हणाली. "तीन वेळा वाढून घेतली होतीस."

रहिमुन्निसाचा नवरा करमअली आफ्रिकेत केपला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता तो तिथला कायमचा रहिवासी ठरला होता, आणि बायकोलाही तिथे कायमचं राहता येणार होतं. मात्र तीच त्याची निकाहाची बायको, हे तिने इथल्या अधिकाऱ्यापुढे स्वतः हजर राहून पटवायला हवं होतं. तिकडे करमअलीलाही हेच प्रश्न विचारले होते. दोन्हीकडची उत्तरं जुळली नाहीत तर सगळं फिसकटणार, म्हणून ही रोजची तालीम.

दिघी गावात कुणाचीही परदेशी पत्रं, अर्ज तैयबाच लिही. आईचे कागदही तिनेच तयार केले. कायदाही तिनेच वाचला होता: बायकोबरोबर फक्त लहान मुलांना जाता येत असे. तैयबा तर विधवा होऊन माहेरी परतलेली. आई गेली की घरात ती एकटीच उरणार होती. याबद्दल ती आईपाशी चकार शब्द बोलली नव्हती. इतक्या वर्षांनी आई नवऱ्याकडे निघालीय, त्यात आपण आडवं कशाला यायचं?

"शेवटचा सवाल," ती म्हणाली. "सोबत कोण येणार?"

"आम्ही दोघी."

"अम्मा, एकटी म्हण. काल पण चुकलीस."

"दोघी."

"अब्बांनी तिकडे 'एकटी' सांगितलंय."

"त्याला सांगू दे."

"साहेब दोघींना कोठडीत घालील बघ," चाचा म्हणाले.

"घालू दे. सोबत तरी होईल."

तैयबा हसली नाही. "पुन्हा सांग," ती म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग सूप उचलून आत गेली. तांदूळ अर्धेच निवडून झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, फजरच्या नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूसाठी पाणी काढायला गेलेली रहिमुन्निसा विहिरीच्या काठावरच कोसळली. तैयबा पोचली तेव्हा रहाट अजून हलत होता. जीव गेला होता.

गुसल, शेवटची आंघोळ, देताना बायकांनी तैयबाला आईच्या उशाशी उभं केलं. तिने हळूहळू पाणी ओतलं. जनाजा निघाला तेव्हा ती जमलेल्या बायकांना पाणी देत होती. लोक म्हणाले, शिकलेली आहे, धीराची आहे.

कचेरीची तारीख आली. ठेवणीतला कोट घालून नुरुद्दीनचाचा दारात उभे राहिले.

"कळवायला तर पायजे," ते म्हणाले. "आगरदांड्याची होडी लागलीय. येतेस?"

"न्हाय चाचा. तुम्हीच जा." तिने कागदांची गुंडाळी त्यांच्या हातात दिली. "अर्जदार वारली, म्हणून सांगा."

चाचा दोन पावलं जाऊन थांबले. "काझीचं नाव आठवलं गो मला. काल आठवलं."

"बरं झालं," ती म्हणाली.

होडीचं शीड खाडीत लहान होईपर्यंत ती ओटीवर उभी होती. मग तिने आतून सूप आणलं. अर्धे तांदूळ अजून तसेच होते. आई बसायची तिथे भिंतीला टेकून ती बसली आणि खडे वेचू लागली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला.

"सोबत कोण येणार?" तिने विचारलं, साहेबाच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या.

ओटीवर कुणी नव्हतं.

"जाऊ नको, अम्मा," ती मोठ्याने म्हणाली. "मला एकटीला न्हाय राहवणार."