डावीकडचं दार

गाडी मला हौसेसाठी नको होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार अ‍ॅलिस शहरातल्या दवाखान्यात मशीनवर आईचं रक्त धुतात. तीन वर्षं झाली, तिनं वाळवंटातलं आपलं गाव, युएन्डुमू, पाहिलेलं नाही. शुक्रवारी मशीनवरून उठली की तिला गावी न्यायचं आणि सोमवारी सकाळी परत आणायचं, एवढंच मला हवं होतं. वाटेत गाडी बंद पडून सोमवार हुकला तर आई हातची जाणार. म्हणून गाडी स्वस्त हवी होती, पण दगा देणारी नको.

माझा नवरा जंगाला लाजामानूकडचा. त्याला गाड्यांतलं कळतं, बाकी कशातलं कळत नाही. तीन आठवडे गाड्यांखाली शिरून त्याचं "ही नको, ही तर नकोच" चाललं होतं. शेवटी क्लाइव्ह नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणातली पांढरी स्टेशन वॅगन त्यानं पसंत केली.

"रेडिएटर नवा आहे, तेल स्वच्छ. घे डोळे मिटून."

"मग इतकी स्वस्त का?"

"डावीकडचं दार उघडत नाही," क्लाइव्ह म्हणाला. "दक्षिणेकडच्या लोकांकडून घेतली तेव्हापासून असंच आहे."

"गाडी काय दारावर चालते?" जंगाला म्हणाला.

शुक्रवारी दुपारी मी दवाखान्यासमोर गाडी लावली. जंगाला आधीच सटकला होता. जावयानं सासूसमोर यायचं नाही, हा आमचा रिवाज त्याला भलताच सोयीचा पडतो.

"आई, माझ्या बाजूनं चढ. ते दार उघडत नाही."

"सरक," आई म्हणाली. तिनं खिडकीतून हात आत घातला, कडी वर ओढली आणि कमरेनं दाराला धक्का दिला. दार उघडलं.

मग ती तशीच उभी राहिली. ही खुबी तिला कुठून ठाऊक?

माझा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, त्याचा फोटोही ठेवत नाही. त्याच्या गाडीला पानांची धुरी देऊन ती दूर दक्षिणेला देऊन टाकली होती, पुन्हा आमच्या नजरेस पडू नये म्हणून. मी तेव्हा डार्विनला होते. गाडी लाल होती, एवढंच ऐकलं होतं.

मी दाराची कड नखानं खरवडली. पांढऱ्याखाली लाल रंग निघाला.

"परत करते," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. दुसरी बघू."

"कधी? मी मेल्यावर?"

"आई, तो तुझ्या मागावर आला असेल तर?"

"आला तर आला," असं म्हणून ती आत बसली.

शहर मागे पडलं. इंजिनाचा आवाज खणखणीत होता, जंगाला खोटं बोलला नव्हता. तरी मला भीती वाटत होती. एकदाही आरशात बघायचं धाडस झालं नाही. लवकर पोचावं म्हणून मी वेग वाढवला.

आई समोरच्या रस्त्याकडे बघत होती. चार वर्षांत कुणी न उच्चारलेलं नाव तिनं घेतलं, अगदी रोजच्यासारखं.

"हळू चालव रे," ती म्हणाली.

स्टिअरिंगवर मी होते. मी निमूटपणे वेग कमी केला.